एन्नोरच्या फाटकावर सही कोणाची?

चेन्नई बंदराच्या उत्तरेस सुमारे २४ किलोमीटरवर एन्नोरचे कामराजर बंदर आहे. आयात केलेला कंटेनर या बंदराच्या फाटकातून बाहेर पडण्यासाठी पूर्वी कागदांची एक गड्डी लागत असे. आज संगणकाच्या पडद्यावरील नोंद त्या गड्डीची जागा घेत आहे. त्या एका नोंदीमागे सीमाशुल्क विभागाची परवानगी, जहाज कंपनीचा डिलिव्हरी ऑर्डर, टर्मिनलच्या शुल्काचा भरणा आणि ट्रेलरची नोंदणी असे चार-पाच निरोप असतात. निरनिराळ्या संस्थांच्या यंत्रणा ते एकमेकींना धाडतात. प्रत्येक निरोप मात्र कोणातरी माणसाच्या वतीने धाडलेला असतो. तो माणूस सकाळी आपल्या कार्यालयात लॉग-इन झालेला असतो. पुढची बोलणी यंत्रे आपापसांत उरकतात.

त्या बोलण्यांत यंत्रे या माणसाच्या अधिकाराचा नेमका किती भाग वापरतात आणि काम संपल्यावर तो अधिकार खरोखर संपतो काय, हा प्रश्न दीर्घकाळ संगणक अभियंत्यांच्या चर्चेपुरता मर्यादित होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातील चार मोठ्या बंदरांची फाटके बंद पडली, तेव्हा तो व्यापाराचा आणि शासनव्यवहाराचा प्रश्न झाला. भारतातील बंदरे एकाच प्रवेशद्वाराने परस्परांशी जोडण्याचे काम वेगाने सुरू असताना त्याकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही.

ऑस्ट्रेलियातील तीन दिवस

१० नोव्हेंबर २०२३ रोजी 'डीपी वर्ल्ड ऑस्ट्रेलिया' या कंपनीच्या लक्षात आले की आपल्या संगणक-जाळ्यात कोणी परका शिरला आहे. कंपनीने तातडीने आपल्या यंत्रणा इंटरनेटपासून तोडल्या. सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन आणि फ्रीमँटल येथील तिच्या टर्मिनलवर जहाजांतून कंटेनर उतरवणे शक्य होते, परंतु ट्रक आत येऊ शकत नव्हते आणि बाहेरही जाऊ शकत नव्हते. त्या देशाच्या कंटेनर वाहतुकीपैकी सुमारे ४० टक्के वाहतूक ही कंपनी हाताळते. सोमवार, १३ नोव्हेंबरला काम पुन्हा सुरू झाले, तोवर सुमारे तीस हजार कंटेनर आवारात अडकले होते. क्रेन शाबूत होत्या, धक्के शाबूत होते आणि कामगारही हजर होते. बंद पडले होते ते फाटक.

कंपनीच्या वापरातील 'सिट्रिक्स' या दूरस्थ प्रवेशाच्या उपकरणावर आवश्यक ती दुरुस्ती बसवलेली नव्हती, असे सुरक्षा संशोधकांनी त्याच आठवड्यात निदर्शनास आणले. हल्लेखोर याच वाटेने आले असावेत, असा त्यांचा अंदाज होता. या उपकरणातील दोष 'सिट्रिक्स ब्लीड' या नावाने जगभर कुप्रसिद्ध झाला. त्याचे स्वरूप समजून घेण्यासारखे आहे. या दोषामुळे चोराला कोणाचाही पासवर्ड मिळत नसे. मोबाइलवर येणारा ओटीपीही त्याच्या हाती लागत नसे. उपकरणाच्या स्मृतीतून त्याला मिळत असे ते आधीच लॉग-इन झालेल्या माणसाचे 'सत्र', म्हणजे त्या माणसाची ओळख एकदा पटलेली आहे असे यंत्रास सांगणारा एक लांबलचक क्रमांक. तो क्रमांक सादर केला की यंत्र पुढे काहीच विचारत नसे.

कंपनीने १० ऑक्टोबर २०२३ रोजी या दोषावर दुरुस्ती प्रसिद्ध केली. पण ती बसवूनही अनेक संस्था सुरक्षित झाल्या नाहीत. भोक बुजले, तरी त्यातून आधी पळवलेले सत्र-क्रमांक चालूच राहिले. चालू असलेली सर्व सत्रे सक्तीने बंद करा, अशी स्वतंत्र सूचना त्यानंतर द्यावी लागली. कुलूप बदलल्यावर जुन्या किल्ल्या निकामी होतात हा आपला नेहमीचा अनुभव. येथे मात्र चोराला किल्लीची गरजच नव्हती, कारण यंत्राच्या लेखी तो आधीपासून घरातच बसलेला होता. बोइंग कंपनीचा सुट्या भागांचा व्यवसायही याच दोषाद्वारे हल्ल्यात सापडल्याचे अमेरिकेच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने त्याच महिन्यात जाहीर केले.

पितळी टोकन

सत्र ही कल्पना मुळात एका अडचणीतून निघाली. वेबचा स्वभाव विसराळू आहे. आपण एक पान मागितले आणि ते मिळाले की सर्व्हर आपल्याला विसरतो. दुसरे पान मागताना आपण त्याच्यासाठी पुन्हा अनोळखी असतो. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील लू मॉन्टुली यांनी यावर 'कुकी' नावाची तोड काढली. सर्व्हर ब्राउझरला एक खूण देतो आणि ब्राउझर प्रत्येक विनंतीबरोबर ती परत दाखवतो.

बँकेत पूर्वी धनादेश दिल्यावर पितळी टोकन मिळत असे, ते ज्यांना आठवते त्यांना ही रचना नवी वाटणार नाही. काउंटरवरचा कारकून सही पडताळतो आणि टोकन देतो. पलीकडचा रोखपाल माणसाच्या तोंडाकडे पाहत नाही, टोकनाकडे पाहतो. टोकन हरवले तर पैसे सापडणाऱ्याचे. फरक एवढाच की त्या टोकनावर एकाच धनादेशाचे पैसे मिळत आणि ते तेथेच जमा होई. वेबवरील सत्राचे टोकन तासन्‌तास, कित्येकदा दिवसेंदिवस चालते आणि ज्याच्या हाती ते आहे, त्याच्यापुढे मूळ माणसाच्या खात्यातील सगळेच व्यवहार खुले होतात.

ब्राउझर आणि एक संकेतस्थळ एवढाच मामला असेपर्यंत हे निभावून जाते. खरी गुंतागुंत सुरू होते ती वेब सेवा मध्ये आल्यावर, म्हणजे एका यंत्राने दुसऱ्या यंत्राकडे परस्पर काम मागितल्यावर. एन्नोरमध्ये माल सोडवणारा सीमाशुल्क दलाल, ज्याला बंदरात अजूनही सीएचए म्हणतात, तो एका पोर्टलवर लॉग-इन होतो आणि आपल्या कंटेनरचा डिलिव्हरी ऑर्डर निघाला काय, असे विचारतो. पोर्टलला ते ठाऊक नसते, म्हणून ते जहाज कंपनीच्या सेवेकडे विचारणा करते. या सेवेच्या दारात उभे आहे ते पोर्टलचे यंत्र. दलालाचा ब्राउझर तेथे नाही, त्यामुळे त्याची कुकीही नाही आणि त्याचे सत्रही नाही. मग उत्तर कोणाला द्यायचे आणि कोणाच्या हक्काने?

सॉफ्टवेअर लिहिणारे येथे दोन आडवाटा धरतात. पहिल्या वाटेने दलालाचा सत्र-क्रमांकच जसाच्या तसा पुढच्या सेवेला दिला जातो. काम होते, पण विचारायचे होते एका कंटेनरविषयी आणि हाती दिला तो त्याच्या सर्व कारभाराचा अधिकार. सेवा चांगली असली तरी तिच्या नोंदवहीत, तिच्या स्मृतीत, तिच्या देखभालीच्या फायलीत तो क्रमांक पडून राहतो. ऑक्टोबर २०२३ मध्येच 'ऑक्टा' या ओळख-व्यवस्थापन कंपनीच्या बाबतीत नेमके हे घडले. ग्राहकांनी तांत्रिक तक्रार सोडवण्यासाठी ज्या फायली तिच्या मदत-कक्षाकडे धाडल्या होत्या, त्यांत चालू सत्रांचे क्रमांक होते आणि चोरांनी तेच उचलले.

दुसरी वाट वरकरणी अधिक व्यवस्थित दिसते. पोर्टलला एक सर्वाधिकारी खाते दिले जाते आणि 'मी अमुक दलालाच्या वतीने विचारतो आहे' असे नाव साध्या मजकुरात जोडले जाते. आता सत्र कोठेच फिरत नाही. पण सेवा त्या नावाची शहानिशा करत नसेल, तर पोर्टलच्या खात्यात शिरलेला कोणीही कोणाचेही नाव लिहू शकतो. शिवाय नोंदवहीत प्रत्येक कामापुढे एकच कर्ता दिसतो, तो म्हणजे पोर्टल. माझ्या मते ही दुसरी वाट अधिक घातक आहे, कारण ती निर्धोक वाटते.

मायक्रोसॉफ्टने २००२ मध्ये डॉटनेट ही प्रणाली आणली, तेव्हा तिच्यातील वेब सेवांना वापरकर्त्याचे सत्र पाहण्याची सोय होती. पण ती मुद्दाम बंद ठेवलेली असे आणि हवी असल्यास प्रत्येक कामासाठी वेगळी चालू करावी लागे. त्या काळी हे कित्येकांना अकारण कटकटीचे वाटे. आज मागे वळून पाहता 'आधी बंद, गरजेनुसार चालू' हा क्रम योग्य होता असेच म्हणावे लागते.

गोंधळलेला मुखत्यार

दुसऱ्याच्या वतीने काम करणारे यंत्र कसे फसते, याचे उत्तम वर्णन नॉर्म हार्डी यांनी १९८८ मध्ये एका छोटेखानी लेखात केले. टाइमशेअर या अमेरिकी कंपनीत एक कंपायलर होता. आपल्या वापराची आकडेवारी लिहिण्यासाठी त्याला एका संरक्षित विभागात लिहिण्याचा अधिकार दिलेला होता. ग्राहकांच्या बिलांची फाइलही त्याच विभागात होती. एका वापरकर्त्याने कंपायलरला आपले फलित कोठे लिहायचे ते सांगताना त्या बिलांच्या फाइलचे नाव दिले. वापरकर्त्याला तेथे हात लावण्याची मुभा नव्हती. पण कंपायलरला होती. कंपायलरने सांगितलेले काम इमानेइतबारे केले आणि बिलांच्या नोंदी पुसल्या गेल्या. हार्डी यांनी या प्रकाराला दिलेल्या नावाचा आशय मराठीत 'गोंधळलेला मुखत्यार' असा सांगता येईल. त्याच्यापाशी दोन धन्यांचे अधिकार आहेत आणि या क्षणी आपण कोणाचा वापरतो आहोत, हे त्याला कळत नाही.

तीस वर्षांनी फेसबुकमध्ये हाच घोटाळा फार मोठ्या प्रमाणावर झाला. आपले पान दुसऱ्याला कसे दिसते, हे पाहण्याची तेथे सोय होती. त्या पानावर चुकून व्हिडिओ चढवण्याची सेवाही दिसू लागली आणि त्या सेवेने प्रवेशाचे टोकन तयार केले ते ज्याच्या नजरेने पान पाहिले जात होते, त्याच्या नावाने. सप्टेंबर २०१८ मध्ये हे उघडकीस आले, तेव्हा कंपनीला सुमारे नऊ कोटी लोकांना सक्तीने लॉग-आउट करावे लागले. प्रत्यक्ष टोकने चोरीस गेली ती सुमारे तीन कोटी, असे कंपनीने पुढे सांगितले. पासवर्ड एकाचाही फुटलेला नव्हता.

मराठी दफ्तरांना मुखत्यारीचा हा धोका जुना परिचयाचा आहे. मराठेशाहीतील पत्रावर आरंभी शिक्का असे आणि मजकूर संपताच मोर्तब. मोर्तबाच्या मुद्रेचे काम एवढेच की येथे मजकूर संपला, याखाली कोणी ओळ वाढवली तर ती धन्याची नव्हे. 'शिक्कामोर्तब' या शब्दात आज आपण दोन्ही एकत्र बोलतो आणि दुसऱ्याचा अर्थ विसरतो. सत्राचा क्रमांक म्हणजे मोर्तबावाचूनचा शिक्का. अधिकार कोणाचा ते तो सांगतो, पण कोठवर ते सांगत नाही.

संगणकशास्त्राने यावर मार्ग काढलेला नाही असे नाही. 'ओऑथ' या मानकाची दुसरी आवृत्ती ऑक्टोबर २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यानुसार वापरकर्ता आपले सत्र कोणालाच देत नाही. अमुक सेवेला, अमुक कामापुरती, अमुक वेळेपर्यंत अशी मर्यादित परवानगी देतो. एका सेवेने दुसरीला काम सांगताना त्या परवानगीच्या बदल्यात आणखी आखूड परवानगी मिळवावी आणि तिच्यावर 'मूळ माणूस कोण' व 'त्याच्या वतीने कोण' अशी दोन्ही नावे असावीत, याचे मानकही जानेवारी २०२० मध्ये तयार झाले. उणीव उपायाची नाही. तो बसवण्यास वेळ आणि पैसा लागतो आणि बसवला नाही तरी पडद्यावर काहीच बिघडलेले दिसत नाही.

न्हावा शेव्याचा अनुभव

महाराष्ट्राला हा धडा ऑस्ट्रेलियाच्याही आधी मिळाला होता. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' या विध्वंसक प्रणालीने मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचे जाळे उद्ध्वस्त केले आणि त्या समूहाचे न्हावा शेवा येथील टर्मिनल ठप्प झाले. मुंबईलगतचे जवाहरलाल नेहरू बंदर तेव्हा देशातील सर्वांत मोठे कंटेनर बंदर होते. तेथील एक टर्मिनल थांबताच कंटेनर साचू लागले आणि इतरत्र वळवावे लागले. ही प्रणाली युक्रेनमधील एका हिशेब-सॉफ्टवेअरच्या सुधारित आवृत्तीतून शिरली होती. पण ती पसरली कशी, हे येथे अधिक महत्त्वाचे आहे. विंडोजमधील ज्ञात दोषांचा तिने उपयोग केलाच. शिवाय संगणकाच्या स्मृतीत लॉग-इन झालेल्या माणसांच्या ज्या खुणा शिल्लक असत, त्या तिने उचलल्या आणि त्यांच्या नावाने शेजारच्या संगणकांवर काम केले. जाळ्याचा व्यवस्थापक एखाद्या संगणकावर लॉग-इन असला, तर सारे जाळे तिच्या हाती येई. दुरुस्ती बसवलेले संगणकही या वाटेने पडले. मर्स्कला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभारावे लागले, असे कंपनीच्या अध्यक्षांनी जानेवारी २०१८ मध्ये दावोस येथे सांगितले. तिचे नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेले.

फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याच बंदराच्या स्वतःच्या टर्मिनलवर खंडणीखोर प्रणालीचा हल्ला झाला आणि पुन्हा जहाजे शेजारच्या टर्मिनलकडे वळवण्याची वेळ आली. नशिबाने शेजारी टर्मिनले होती. एन्नोरमध्ये ती सोय मर्यादित आहे. कोळशासाठी उभारलेले आणि १ फेब्रुवारी २००१ रोजी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झालेले हे बंदर आज मोटारींची निर्यात, द्रवरूप नैसर्गिक वायू आणि कंटेनर अशा अनेक कामांचे आहे. केंद्र सरकारच्या प्रमुख बंदरांपैकी कंपनी म्हणून स्थापन झालेले हे पहिले बंदर. मार्च २०२० मध्ये केंद्राचा त्यातील ६७ टक्के हिस्सा चेन्नई बंदराने घेतला. कंटेनर टर्मिनल खासगी चालकाकडे आहे. म्हणजे मालकी एकाची, टर्मिनल दुसऱ्याचे, सीमाशुल्क तिसऱ्याचे आणि पोर्टल चौथ्याचे. सत्र कोणाचे व जबाबदारी कोणाची हा प्रश्न अशा रचनेत आपोआप सुटत नाही.

एक खिडकी, अनेक दारे

केंद्र सरकारने गेल्या काही वर्षांत या सर्वांना जोडण्याचे मोठे काम हाती घेतले. सीमाशुल्काची एक-खिडकी योजना १ एप्रिल २०१६ रोजी सुरू झाली. डिसेंबर २०१८ मध्ये बंदरांच्या सामाईक प्रणालीची नवी आवृत्ती आली, तर जानेवारी २०२३ मध्ये सागरी वाहतुकीचे राष्ट्रीय लॉजिस्टिक्स पोर्टल. सप्टेंबर २०२२ च्या राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरणाबरोबर 'युलिप' हा मंच सुरू झाला. त्यावर निरनिराळ्या मंत्रालयांच्या तीसहून अधिक यंत्रणा वेब सेवांद्वारे एकमेकींशी बोलतात.

या धोरणाला विरोध करण्याचे कारण नाही. चेन्नई बंदराकडे जाणाऱ्या एन्नोर द्रुतगती मार्गावर ट्रेलरच्या कित्येक किलोमीटर लांब रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत, आणि त्या रांगांत स्टोव्ह पेटवून दिवस काढणारे चालक पाहिले आहेत, त्यांना एका कागदासाठी पाच कार्यालये पालथी घालण्याच्या काळाचा मोह होणार नाही. परंतु पाच कार्यालयांचे पाच शिक्के होते तेव्हा एक चोरीस गेला तरी चार उरत. एकाच प्रवेशाने पाचही दारे उघडू लागली की त्या एका सत्राचे मोल पाचपट होते. सोय आणि जोखीम येथे एकाच खिडकीतून आत येतात.

या बाबतीत आपल्याकडे अनुकरणीय उदाहरण आहे आणि ते खुद्द सरकारचेच आहे. वस्तू व सेवा कराच्या पोर्टलवर लहानसहान व्यापारीही आपल्या हिशेबनिसाच्या सॉफ्टवेअरला विवरणपत्रे पाहण्याची मुभा देतो. ही मुभा त्याला स्वतः लॉग-इन होऊन द्यावी लागते आणि ती किती काळ द्यायची, ६ तास ते ३० दिवस, हे तोच ठरवतो. त्यानंतर सॉफ्टवेअर ओटीपी मागते आणि तो मिळाल्यावरच चालते. मुदत संपली की दार बंद. व्यापाऱ्यांना याची कटकट वाटते, आणि पुष्कळ जण सरसकट तीस दिवसच निवडतात हेही खरे. तरीही मोर्तब कोठे करायचे ते शिक्क्याच्या धन्याच्या हाती राहते.

याउलट चित्र १२ जून २०२३ रोजी दिसले. लसीकरणाच्या कोविन पोर्टलवरील माहिती टेलिग्रामवर मिळत असल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा थेट गळती झाल्याचा दावा आरोग्य मंत्रालयाने नाकारला. ओटीपीवाचून माहिती देणारी कोणतीही सार्वजनिक सेवा नाही, असेही सांगितले. मात्र त्याच निवेदनात, काही संस्थांना दिलेल्या सेवांपैकी एक केवळ मोबाइल क्रमांकावर माहिती देत असल्याचे कळते आणि ती फक्त विश्वासू यंत्राचीच विनंती स्वीकारते, असा उल्लेख होता. मूळ वादात न शिरताही त्या वाक्यातून एक गोष्ट कळते. समोरच्या दारावर नागरिकाला ओटीपी विचारला जातो आणि मागच्या दारावर यंत्राचा चेहरा पाहून आत सोडले जाते. यंत्र विश्वासू आहे. पण ते या क्षणी कोणाच्या वतीने आले आहे, हे तेथे विचारले जात नाही.

नोंदवहीतले नाव

या साऱ्याचा भार अखेर कोणावर पडतो? बंदराच्या व्यवहारात तो बहुधा सर्वांत लहान माणसावर पडतो. सीमाशुल्क दलालांसाठीच्या २०१८ च्या नियमांनुसार कर्मचाऱ्याच्या प्रत्येक कृतीला दलाल जबाबदार असतो. दलालाच्या कार्यालयात प्रत्यक्ष काम करतो तो कार्डधारक कर्मचारी. त्याच्या लॉग-इनवर चार जण काम करतात, मालकाची डिजिटल सही असलेला डोंगल टेबलाच्या खणात असतो, आणि घाईच्या वेळी कोणी कोणासाठी काय दाबले याचा हिशेब राहत नाही. हे चित्र बंदरात वावरणाऱ्या कोणालाही अपरिचित नाही. आता त्या सत्राच्या आधारे एखाद्या सेवेने परस्पर काही केले आणि कंटेनर भलत्याच्या हाती गेला, तर नोंदवहीत नाव निघेल ते त्या कर्मचाऱ्याचे. किंवा दुसऱ्या आडवाटेने गेलेल्या प्रणालीत कोणाचेच निघणार नाही.

भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथकाने, म्हणजेच सर्ट-इनने, २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार सायबर घटना सहा तासांत कळवणे आणि यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपणे बंधनकारक आहे. पण नोंद जपली म्हणजे तिच्यात सत्य आहे असे होत नाही. 'पोर्टलने विचारले, सेवेने दिले' एवढेच तिच्यात असेल, तर १८० दिवसांनंतरही तपास अधिकाऱ्यास तेवढेच वाचता येईल. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-सी दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही, पासवर्ड किंवा 'अन्य कोणतीही विशिष्ट ओळख-खूण' लबाडीने वापरणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगते. सत्राचा क्रमांक ही 'ओळख-खूण' होय, असा अर्थ लावणे अवघड नाही. अवघड आहे ते चोराने वापर केला आणि मूळ माणसाने केला नाही, हे सिद्ध करणे. कारण यंत्राच्या लेखी दोघे एकच असतात.

कंटेनर सोडवण्याचा अधिकार चोरण्यात कोणाला रस असतो, याचे उत्तर बेल्जियममधील अँटवर्प बंदराने दिले आहे. अमली पदार्थांच्या टोळ्यांनी तेथे २०११ पासून दोन वर्षे संगणकांत शिरकाव करून कंटेनरचे पिन क्रमांक मिळवले. खरा मालक पोहोचण्याआधीच त्यांचा चालक कंटेनर घेऊन जात असे. २०१३ मध्ये हे उघड झाले. त्या बंदराने २०२१ पासून टप्प्याटप्प्याने पिनची पद्धत मोडीत काढली. कंटेनर उचलण्याचा हक्क आता जहाज कंपनीकडून मालवाहतूकदाराकडे आणि त्याच्याकडून ट्रकवाल्याकडे असा नावानिशी हस्तांतरित होतो. प्रत्येक पायरीवर कोणी कोणाला दिला, हे नोंदले जाते. ज्याच्या हाती क्रमांक त्याचा कंटेनर, हे सूत्र तेथे संपले.

एन्नोर आणि न्हावा शेवा येथे असे काही करायचे, तर त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. टर्मिनल-चालकांशी होणाऱ्या करारांत काम किती वेळात व्हावे, याच्या अटी असतात. तेथेच सेवांच्या परस्पर बोलण्यात मूळ माणसाचे नाव व मध्यस्थ यंत्राचे नाव दोन्ही नोंदले जावे, परवानगी एका कंटेनरपुरती आणि ठराविक मुदतीची असावी, आणि लॉग-आउट होताच पुढच्या प्रत्येक सेवेतील परवानगीही रद्द व्हावी, या अटी घालता येतील. शेवटची अट सर्वांत खर्चीक आहे, आणि सर्वांत आधी टाळली जाईल ती हीच. आयातदार, दलाल आणि सीमाशुल्क अधिकारी यांच्या व्यापार-सुलभीकरण समित्यांच्या बैठका सीमाशुल्क कार्यालयांत होतात. शुल्क, विलंब आणि रांगा यांबरोबर आणखी एक प्रश्न तेथे विचारण्याजोगा आहे. अमुक ट्रेलर फाटकातून बाहेर पडला, तेव्हा त्याची परवानगी देणारा माणूस लॉग-इन होता की घरी जाऊन दोन तास झाले होते, हे आपली नोंदवही सांगू शकते काय?